आधी आराखडा, मग फायरवॉल: नेटवर्कची रचना आणि सुरक्षा

दीपस्तंभ (धागाकर्ता)

'नवीन ऑफिससाठी कोणती फायरवॉल घ्यावी?' हा प्रश्न इथे वरचेवर येतो आणि पहिल्याच प्रतिसादापासून ब्रँडची नावं सुरू होतात. माझं म्हणणं असं की त्याआधी एक कागद तयार हवा. या नेटवर्कवर कोणाला कोणाशी बोलण्याची गरज आहे, एवढंच त्यावर लिहायचं. तो कागद नसेल तर यंत्र कितीही चांगलं आणा, त्यात नियम काय घालायचे हेच ठरत नाही. मग काम अडू नये म्हणून 'सगळ्यांना सगळीकडे परवानगी' असा एक नियम पडतो आणि तो पुढे कोणी काढत नाही.

बहुतेक लहान-मध्यम नेटवर्क वाढत वाढत सपाट होतात. एक स्विच, मग दुसरा, मग वायफाय, मग कॅमेरे, आणि सगळं एकाच सबनेटमध्ये (पत्त्यांच्या एकाच गटात). ते चालतं, वेगही बरा मिळतो. पण तिथे एक यंत्र बाधित झालं की बाकीची सगळी त्याच्या हाताशी येतात. वेशीवरची फायरवॉल यात काही करू शकत नाही, कारण शेजारची दोन यंत्रं स्विचमधूनच परस्पर बोलतात. ती वाहतूक फायरवॉलपर्यंत पोचतच नाही.

२५ जानेवारी २००३ चा स्लॅमर वर्म (यंत्रायंत्रांत स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्राम) आठवा. ३७६ बाइटचा मजकूर, एका यूडीपी (आधी जोडणी न करता पाठवता येणाऱ्या) पॅकेटमध्ये मावणारा, पोर्ट (यंत्रावरच्या सेवेचा क्रमांक) १४३४. जगभरातल्या असुरक्षित यंत्रांपैकी ९० टक्क्यांहून अधिक त्याने पहिल्या १० मिनिटांत गाठली. इशारा वाचून कोणी हालचाल करेपर्यंत सगळं उरकलं होतं. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर पसरलं ते एसएमबीच्या (फाइल वाटून घेण्याच्या प्रोटोकॉलच्या) पोर्ट ४४५ वरून. मायक्रोसॉफ्टने त्याची दुरुस्ती १४ मार्चलाच दिली होती. दोन्ही वेळा पॅच आधीच उपलब्ध होता आणि तो लावायलाच हवा होता. तरीही कुठलं तरी एखादं यंत्र पॅचविना राहणारच, हे धरून रचना करावी लागते. एका कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपला दुसऱ्याच्या लॅपटॉपच्या ४४५ वर जाण्याचं काम किती ऑफिसांत पडतं? जवळजवळ कुठेच नाही. तरी वाट उघडी असते.

मी यंत्रांची यादी खात्यांनुसार करत नाही, त्यांच्या स्वभावानुसार करतो. कर्मचाऱ्यांचे संगणक, सर्व्हर, प्रिंटर, कॅमेरे आणि तत्सम उपकरणं, पाहुण्यांचं वायफाय, आणि खुद्द स्विच-राउटर सांभाळण्यासाठीचा व्यवस्थापन विभाग. मग एक तक्ता: उभ्या बाजूला 'कुठून', आडव्या बाजूला 'कुठे'. ज्या चौकोनात वाहतूक हवी तिथे प्रोटोकॉल, पोर्ट आणि कारण लिहायचं. कारण लिहिता आलं नाही तर चौकोन रिकामा, आणि रिकामा म्हणजे बंद. सॉल्टझर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये हे तत्त्व मांडलं होतं: परवानगी स्पष्ट दिलेली नसेल तर नकार. आजही याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.

पत्त्यांची योजनाही याच कागदावरून निघते. खाजगी वापरासाठी आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या दस्तऐवजाने १९९६ मध्ये तीन पट्टे राखून ठेवले: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. मी पहिला घेतो. दुसरा आकडा जागेचा, तिसरा विभागाचा. म्हणजे लॉगमध्ये १०.३.४०.१७ दिसलं की तिसऱ्या इमारतीतला कॅमेरा हे लगेच कळतं. विभागाला /२४ दिला (म्हणजे पत्त्याचे पहिले तीन आकडे पक्के) की २५४ यंत्रं बसतात, आणि विभागांच्या आकड्यांमध्ये मोकळी जागा सोडली की वाढीला वाव राहतो. १९२.१६८.०.० आणि १९२.१६८.१.० हे पट्टे ऑफिसात टाळाच. घरगुती राउटर बहुधा तेच वापरतात, आणि घरून व्हीपीएनने जोडणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकच पत्ते आले की पॅकेट कुठे पाठवायचं याचा गोंधळ होतो.

जाणकारांनी भर घालावी.

नवशिकी

छान धागा, वाखू (वाचनखूण) साठवली. मी नेटवर्किंग शिकतेय. एक शंका: स्विचवर व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी केलेली आभासी नेटवर्क) केले की विभाग वेगळे झाले ना? मग मधे आणखी फायरवॉल कशाला?

ओहोळ

@नवशिकी, शंका महत्त्वाची आहे, कारण पुष्कळ नेटवर्क इथेच फसतात.

व्हीलॅनमुळे ब्रॉडकास्टची (सगळ्यांना एकदम जाणाऱ्या निरोपांची) हद्द वेगळी होते. फ्रेमला (इथरनेटवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याला) ८०२.१क्यू या मानकाप्रमाणे ४ बाइटचा टॅग लागतो, त्यात १२ बिट व्हीलॅन क्रमांकाचे, म्हणून वापरता येणारे क्रमांक ४०९४. पण दोन व्हीलॅनना एकमेकांशी बोलायचं तर मधे राउटिंग लागतं, आणि ते आजकाल लेयर ३ स्विचच करतो. त्या स्विचवर प्रत्येक व्हीलॅनला गेटवेचा (विभागाबाहेर जाण्याच्या दाराचा) पत्ता दिला आणि राउटिंग चालू केलं की मधल्या सगळ्या वाटा आपोआप उघडतात. कागदावर सहा विभाग दिसतात, पण पाहुण्यांच्या वायफायवरून सर्व्हर सरळ दिसतो. वेगळेपण येतं ते त्या मधल्या जागी ॲक्सेस लिस्ट (परवानगी-नकाराची यादी) किंवा फायरवॉल बसवल्यावर.

साधी ॲक्सेस लिस्ट आणि फायरवॉल यांतला फरकही लक्षात ठेवा. फायरवॉल संभाषणाची नोंद ठेवते: आतून विचारलं गेलं होतं म्हणून हे उत्तर आत येऊ दे. साध्या ॲक्सेस लिस्टला ती स्मृती नसते. परतीची वाट तुम्हाला वेगळी उघडावी लागते आणि ती हमखास गरजेपेक्षा मोठी उघडली जाते. म्हणून सर्व्हर आणि कर्मचारी यांच्यामध्ये फायरवॉल हवी असं माझं मत. प्रिंटरकडे जाणाऱ्या वाटेवर ॲक्सेस लिस्टने भागतं.

शिवाय ट्रंकवरचा (अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या जोडणीवरचा) नेटिव्ह, म्हणजे टॅगविना जाणारा, व्हीलॅन वापरातल्या कुठल्याही विभागाचा ठेवू नका. दुहेरी टॅग लावून दुसऱ्या व्हीलॅनमध्ये फ्रेम घुसवण्याची युक्ती त्यावरच चालते. वापरकर्त्याच्या पोर्टला 'ॲक्सेस' असं पक्कं बांधून टाका, समोरच्याशी वाटाघाटी करून ट्रंक होऊ देऊ नका. रिकामी पोर्ट बंद.

तांबडफुटी

ओहोळ यांच्याशी सहमत. लेयर २ (स्विच आणि इथरनेट फ्रेमचा थर) विषयी थोडं, कारण सुरक्षेच्या चर्चेत हा थर कायम मागे पडतो.

आयपी पॅकेटमध्ये टीटीएल असतो. प्रत्येक राउटरवर एकाने कमी होत होत शून्य झाला की पॅकेट मरतं. इथरनेट फ्रेममध्ये असं काहीच नाही. स्विचांमध्ये चुकून वर्तुळ तयार झालं तर ब्रॉडकास्ट फ्रेम त्यात फिरतच राहते, प्रत्येक फेरीत तिच्या प्रती वाढतात आणि काही क्षणांत सगळं नेटवर्क गुदमरतं. त्यासाठी कोणी हल्लेखोर लागत नाही. टेबलाखालच्या छोट्या स्विचची दोन्ही टोकं भिंतीतल्या दोन सॉकेटांत गेली की पुरे. राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री (जादा वाटा बंद ठेवून वर्तुळ टाळणारा प्रोटोकॉल) शोधलं ते यासाठीच. ते बंद करू नका, उलट वापरकर्त्यांच्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड लावा, म्हणजे तिथे कोणी स्विच जोडला तर पोर्ट स्वतःच बंद होईल. रूट ब्रिज (त्या ट्रीचं मूळ असलेला स्विच) कोणता तेही तुम्हीच ठरवा. ते तसंच सोडलं तर सगळ्यांची प्राथमिकता सारखी राहते आणि सर्वांत लहान मॅक (कारखान्यातून मिळालेल्या) पत्त्याचा स्विच रूट होतो. तो बऱ्याचदा अडगळीतला सर्वांत जुना स्विच असतो, आणि मग सगळी वाहतूक त्याच्यावरून वळसा घेते.

दुसरं एआरपी, म्हणजे आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधण्याची पद्धत. १९८२ च्या आरएफसी ८२६ मधला हा प्रोटोकॉल समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो. कोणीही 'गेटवे मीच' असं सांगितलं की शेजारची यंत्रं मान्य करतात आणि आपली वाहतूक त्याच्याकडे पाठवू लागतात. यावर उपाय स्विचमध्येच असतो: आधी डीएचसीपी स्नूपिंग (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीवर स्विचची नजर), आणि त्यातून तयार झालेल्या नोंदींच्या आधारे एआरपीची तपासणी. हा क्रम पाळा. स्नूपिंगचा तक्ता भरण्याआधी एआरपी तपासणी सुरू केली तर चांगली यंत्रंही बाहेर फेकली जातात. ज्यांचे पत्ते हाताने दिलेत, उदाहरणार्थ प्रिंटर, त्यांच्या नोंदी आधी हातानेच घालाव्या लागतात. स्नूपिंगचा आणखी एक फायदा असा की कोणी घरचा राउटर आणून उलट्या बाजूने जोडला तरी त्याचं डीएचसीपी ऑफिसात पत्ते वाटू शकत नाही.

काजवा

चर्चा उत्तम चाललीय, पण थोडा विरोधी सूर लावतो. वरचं सगळं करायला माणसं कुठून आणणार? बऱ्याच ठिकाणी नेटवर्क, सर्व्हर, प्रिंटरची शाई आणि पासवर्ड रीसेट हे सगळं एकाच माणसाकडे असतं. त्याने सहा विभाग आणि शंभर नियम केले, आणि तो सोडून गेला, तर पुढच्याला ते उलगडणार नाहीत. मग तो एक दिवस सगळं उघडून टाकेल. न समजणारी रचना ही सुरक्षित रचना नसते. मी तीन विभागांवर थांबेन.

दीपस्तंभ

@काजवा, मुद्दा मान्य. सॉल्टझर-श्रोडर यांच्या यादीतही यंत्रणा साधी ठेवा हे तत्त्व आहेच. तीनच करायचे असतील तर कोणते, यावर मी ठाम आहे.

पहिला, व्यवस्थापनाचा. स्विच, राउटर, ॲक्सेस पॉइंट आणि व्हर्च्युअल मशीनच्या होस्टची लॉगिन पानं सामान्य विभागातून दिसताच कामा नयेत. तिथे शिरकाव झाला तर बाकी सगळे नियम पुसता येतात. दुसरा, ज्यांच्यावर आपण सॉफ्टवेअर चालवू शकत नाही अशा उपकरणांचा: कॅमेरे, डीव्हीआर, दाराची कुलपं. २०१६ मध्ये मिराई या घातक सॉफ्टवेअरने अशीच उपकरणं टेलनेटवरून (दुरून लॉगिन करण्याच्या जुन्या प्रोटोकॉलवरून), कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून ताब्यात घेतली आणि २१ ऑक्टोबरला डाइन (Dyn) या डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) पुरवणाऱ्या कंपनीवर त्यांचा मारा केला. कॅमेऱ्याला रेकॉर्डरशी बोलायचं असतं. त्याला इंटरनेट कशाला? तिसरा पाहुण्यांचा, ज्याला इंटरनेटपलीकडे काहीच नको.

उरलेलं सगळं एकत्र राहिलं तरी लॅपटॉपांवरची स्वतःची फायरवॉल आतल्या जोडण्या नाकारेल एवढं करा. त्यासाठी स्विचला हातही लावावा लागत नाही, आणि एका लॅपटॉपवरून दुसऱ्यावर जाणारी वाट तरीही बंद होते.

बाहेरच्या कंत्राटदारांचा प्रवेशही यातच धरा. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीत हल्लेखोर शिरले ते शीतयंत्रणेचं काम करणाऱ्या पुरवठादाराच्या लॉगिनवरून. तिथून ते पैसे घेण्याच्या काउंटरवरच्या यंत्रांपर्यंत पोचले आणि सुमारे ४ कोटी कार्डांचा तपशील गेला. पुरवठादाराच्या लॉगिनला आणि काउंटरवरच्या यंत्रांना एकमेकांशी बोलायचं काही कारण नव्हतं.

उत्तररात्र

सुरक्षेत उपलब्धताही येते, म्हणून तिच्याविषयी.

दोन इंटरनेट जोडण्या घेतल्या की आपण निर्धास्त होतो. पण दोन्ही तारा इमारतीत एकाच नळीतून येत असतील तर एक फावडं दोन्ही तोडतं. दोन स्विच, पण वीज एकाच पट्टीवरून. दोन डीएनएस सर्व्हर, पण दोन्ही एकाच होस्टवरची व्हर्च्युअल मशीन. अशा दुहेरीपणाचा उपयोग नाही. प्रत्येक जोडीपुढे एकच प्रश्न विचारायचा: या दोघांना एकत्र पाडणारी गोष्ट कोणती?

४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास बंद होतं. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने डेटा सेंटरांना जोडणारं अंतर्गत जाळं तुटलं. अशा आज्ञा अडवण्यासाठी असलेल्या साधनात दोष होता, त्याने ती अडवली नाही. डेटा सेंटर दिसेनासे झाल्यावर डीएनएस सर्व्हरांनी ठरल्याप्रमाणे आपल्या बीजीपी जाहिराती (आपल्यापर्यंतची वाट इतर नेटवर्कना सांगणारे निरोप) मागे घेतल्या, आणि सर्व्हर चालू असूनही जगाला सापडेनात. दुरुस्तीसाठी राखलेली वेगळी वाटही बंद पडली होती, त्यामुळे अभियंत्यांना प्रत्यक्ष जागेवर जावं लागलं. एवढ्या मोठ्या जाळ्याचं असं होतं, तर आपण वर्षातून एकदा तरी पाहावं की मुख्य नेटवर्क पूर्ण बंद असताना आपल्याला कोअर स्विचच्या कन्सोलवर जाता येतं का. पासवर्डची तिजोरी त्याच नेटवर्कवर असेल तर तेव्हा ती उघडणार नाही.

बॅकअपलाही हेच लागू. जून २०१७ च्या नॉटपेट्या या सायबर हल्ल्यामध्ये मर्स्क या जहाज कंपनीचे डोमेन कंट्रोलर (वापरकर्त्यांची खाती आणि लॉगिन सांभाळणारे सर्व्हर) एकापाठोपाठ पुसले गेले. एक वाचला, घानामधला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो जाळ्यावर नव्हता. त्यांच्या प्रती एकमेकींशी समक्रमित होत होत्या, एक गेली तर दुसऱ्या असतील या भरवशावर. पण सगळ्याच जिथून दिसतात तिथून सगळ्याच पुसता येतात. एक तरी प्रत नेटवर्कवरून गाठता येणार नाही अशी हवी.

नवशिकी

आणखी एक विचारते. एका यादीत 'सुरक्षेसाठी आयसीएमपी पूर्ण बंद करा' असं वाचलं. आयसीएमपी म्हणजे पिंग आणि त्रुटींचे निरोप नेणारा प्रोटोकॉल ना? हे बरोबर आहे का?

तांबडफुटी

नाही, आणि हा सल्ला अजून फिरतोय याचं वाईट वाटतं.

इथरनेटवर पॅकेटचा आकार सहसा १५०० बाइटपर्यंत. वाटेत एखादी जोडणी त्याहून अरुंद असते, जसं पीपीपीओईवर (ब्रॉडबँड जोडणीच्या एका पद्धतीवर) १४९२, किंवा व्हीपीएनच्या बोगद्यात आणखी कमी. अशा ठिकाणचा राउटर पाठवणाऱ्याला आयसीएमपीने कळवतो की पॅकेट मोठं आहे, लहान कर. हा निरोप तुम्ही अडवलात तर पाठवणारा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. लक्षण फार चकवणारं असतं: जोडणी होते, लॉगिनचं पान दिसतं, छोटे निरोप जातात, पण फाइल पाठवायला घेतली की सगळं थिजतं. लोक अशा वेळी सर्व्हर बदलतात, केबल बदलतात आणि दोष फायरवॉलच्या नियमात असतो.

आयपीव्ही६ (आयपीची नवी आवृत्ती) मध्ये तर मधले राउटर पॅकेटचे तुकडे करतच नाहीत आणि शेजाऱ्याचा पत्ता शोधणंही आयसीएमपीव्ही६ वरच चालतं. तिथे ते सरसकट बंद केलं तर नेटवर्क चालणारच नाही. बाहेरून येणारे पिंग अडवायचे असतील तर अडवा किंवा त्यांचं प्रमाण बांधा, पण त्रुटींचे निरोप जाऊ द्या.

ओहोळ

अवांतर, पण आयपीव्ही६ निघालंच आहे म्हणून. 'आम्ही आयपीव्ही६ वापरत नाही' असं म्हणणाऱ्यांच्या नेटवर्कवरही ते असतं. आजच्या बहुतेक ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ते मुळातच चालू असतं. कोणी यंत्राने 'मी राउटर आहे' अशी जाहिरात केली की बाकीची त्याच्याकडून पत्ता घेतात आणि तुमचे आयपीव्ही४ चे सगळे नियम बाजूला राहतात. स्विचवर आरए गार्ड (अशा जाहिराती अडवणारी सोय) लावा आणि फायरवॉलमध्ये दोन्ही आवृत्त्यांचे नियम जोडीने लिहा.

याच ओघात, नॅट (आतल्या अनेक यंत्रांना बाहेर एकाच पत्त्याने दाखवणं) म्हणजे सुरक्षा हा समजही सोडायला हवा. पत्ते अपुरे पडत होते म्हणून नॅट आलं. त्यात बाहेरून सुरू झालेली जोडणी सहसा आत येत नाही हा त्याचा सहपरिणाम. आतून बाहेर जाणाऱ्याला ते अडवत नाही, आणि बाधित यंत्र आपल्या चालकाशी बोलतं ते आतूनच बाहेर. डेटाबेस सर्व्हरला इंटरनेटवर मोकळं सोडण्याचं काही कारण नसतं. अपडेट एका ठरलेल्या आतल्या यंत्रावरून घेऊ द्या, डीएनएस फक्त तुमच्या रिझॉल्व्हरकडून (नावांचे पत्ते शोधून देणाऱ्या सर्व्हरकडून), बाकी बंद. मग सर्व्हरने बाहेर जायचा प्रयत्न केल्याची नोंद लॉगमध्ये पडली की तीच धोक्याची सूचना. मात्र सगळ्या यंत्रांची घड्याळं एनटीपीने जुळलेली हवीत, नाहीतर आधी काय घडलं आणि नंतर काय, हे लॉगवरून सांगता येत नाही.

काजवा

झीरो ट्रस्टचा बोलबाला असताना हे विभाग वगैरे जुनं झालं असं आमच्याकडे सांगितलं जातं. त्यावर काय मत?

दीपस्तंभ

झीरो ट्रस्टची मांडणी अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने ऑगस्ट २०२० मधल्या ८००-२०७ या दस्तऐवजात नीट केली आहे. गाभा असा की केवळ आतल्या नेटवर्कवर आहे म्हणून कोणावर विश्वास टाकायचा नाही. प्रत्येक विनंतीला ओळख, उपकरणाची स्थिती आणि धोरण तपासायचं. हे मला मनापासून पटतं. पण त्याच दस्तऐवजात सूक्ष्म विभागणी हा झीरो ट्रस्ट उभारण्याचा एक मार्ग म्हणून दिला आहे. विभागणी कालबाह्य झाली असं त्यात कुठेही नाही. शिवाय प्रिंटर आणि कॅमेरे ओळख पटवून देण्याच्या बाबतीत कच्चेच असतात. त्यांच्यासाठी नेटवर्कची हद्द हाच आधार उरतो. आणि कोणाला कोणाशी बोलायचंय हा तक्ता इथेही आधी लागतोच, नाहीतर धोरणात लिहिणार काय?

नवशिकी

मी सराव म्हणून सिम्युलेटरवर चार विभाग केले, नियम लिहिले, सगळं चालतंय. ते सुरक्षित आहे हे कसं तपासायचं?

उत्तररात्र

'सगळं चालतंय' ही अर्धीच तपासणी झाली. जे चालायला नको ते खरंच चालत नाही ना, हे पाहायचं राहिलं.

तक्त्यातला एकेक रिकामा चौकोन घ्या. पाहुण्यांच्या विभागात एक यंत्र ठेवा आणि तिथून सर्व्हर, व्यवस्थापनाचे पत्ते, प्रिंटर असं सगळीकडे एनमॅप (उघडी पोर्ट शोधणारं साधन) चालवा, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. गेटवेचा स्वतःचा पत्ता विसरू नका. विभागांमधले नियम चोख असतात आणि गेटवेचं लॉगिन पान मात्र पाहुण्यांना उघडं दिसतं, असं वारंवार आढळतं. मग कॅमेऱ्यांच्या विभागातून, मग कर्मचाऱ्यांच्या. आयपीव्ही४ वर झालं की आयपीव्ही६ वर पुन्हा. सिम्युलेटरमध्ये एनमॅप चालत नसेल तर व्हर्च्युअल मशीनवर खरी लिनक्स यंत्रं जोडून करा.

निकाल तक्त्याशेजारीच नोंदवा, तारखेसकट. पुढे कधी नियम बदलला की फक्त बदललेल्या ओळीपुरती तपासणी करू नका, सगळी पुन्हा करा. नियमांचा क्रम वरून खाली वाचला जातो आणि वर घातलेली एक ओळ खालच्या दहा निरुपयोगी करू शकते.